आकडा छापलात, उचल छापली नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या ऑगस्टअखेरीस तुमच्या क्रीडा पानावर कोपऱ्यात एक छोटी बातमी होती, अमेरिकन फुटबॉलमधला मायका पार्सन्स डॅलस काउबॉइजने ग्रीन बे पॅकर्सला "विकला" आणि त्याला ४ वर्षांत १८ कोटी ८० लाख डॉलर मिळणार म्हणून. ते कात्रण मी अजून ठेवलंय. बातमी खोटी नव्हती पण अर्धीच होती, आणि मार्च आला की असल्या बातम्या रोज येतात म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट, त्याला विकला नाही. डॅलसला पैसे मिळाले नाहीत, मिळाले ते ड्राफ्टचे दोन पहिल्या राउंडचे पिक, म्हणजे कॉलेजातून येणाऱ्या नव्या पोरांतून निवडायचा हक्क, आणि केनी क्लार्क हा खेळाडू. दुसरी गोष्ट, १८ कोटी ८० लाख हा कराराचा आकडा झाला, सही करताना पक्की हमी होती ती १२ कोटींची. हा फरक किती मोठा आहे ते मला आमच्या बंदरावरच कळलं, म्हणून तिथलंच सांगतो.

आमची हर्णैला बोट आहे. भाचा जहाजावर असतो, तो ह्यूस्टनहून आला तेव्हा त्याने हा खेळ दाखवला, आणि आता रविवारी रात्री साडेदहाला मॅच सुरू झाली की मोबाइल माझ्या हातात असतो. १ जूनला बंदी लागते, बोटी वर ओढतो, शाकारतो, आणि मग दोन महिने घरात एकच विषय, पुढच्या सीझनला कोण येणार आणि किती उचल मागणार. तांडेल असो की खलाशी, उचल आधी हातात पडते, बोट पाण्यात नंतर जाते. दोन सीझनमागे एकाला ८० हजार दिले, दिवाळीला घरी गेला तो आईच्या आजारपणामुळे परत येऊच शकला नाही, माझा त्याच्यावर राग नाही, पण वहीत त्याच्या नावापुढे ५२ हजार बाकी आहे आणि वडिलांनी बाजूला लाल पेनाने "बुडीत" लिहून ठेवलंय. त्या वर्षी नवीन जाळं घ्यायचं राहिलं, जुनंच शिवून शिवून ओढलं.

एनएफएल म्हणजे ह्या अमेरिकन फुटबॉलची लीग, तिथे ह्यालाच डेड मनी म्हणतात. तिथली उचल म्हणजे साइनिंग बोनस. समजा ५ वर्षांचा करार केला आणि ५ कोटी डॉलर बोनस दिला, तर पैसे खेळाडूला सुरुवातीलाच मिळतात पण टीमच्या वहीत ते दर वर्षी १ कोटी असे ५ वर्षं पसरून लिहितात. आता दोन वर्षांनी त्याला दुसऱ्या टीमला दिला किंवा काढून टाकला तर उरलेले ३ कोटी एकदम जुन्या टीमच्या त्याच वर्षाच्या वहीत येऊन पडतात, खेळाडू तिकडे दुसऱ्या जर्सीत पळतोय आणि त्याचं ओझं इकडे. फक्त त्याला १ जूननंतर सोडला तर ह्या वर्षाचा १ कोटी ह्या वर्षी आणि बाकीचे २ कोटी पुढच्या वर्षी असा भार वाटता येतो. १ जून ही तारीख त्यांच्याही हिशोबात आहे हे वाचलं तेव्हा मी वहिनीला हाक मारून दाखवलं होतं.

आणि हे ओझं एवढं का जाणवतं, तर वरून सॅलरी कॅप आहे, म्हणजे एका टीमने सगळ्या खेळाडूंवर वर्षाला किती खर्च करायचा त्याची मर्यादा. १९९४ ला ही मर्यादा सुरू झाली तेव्हा टीममागे ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२५ ला २७ कोटी ९२ लाख, म्हणजे आपले साधारण २४०० कोटी रुपये. लीगच्या कमाईवर ती दर वर्षी ठरते, कोविडनंतर २०२१ ला तर ती खाली आली होती आणि चांगले चांगले खेळाडू त्या मार्चमधे घरी बसवले गेले. आपल्याकडे आयपीएलच्या २०२५ च्या लिलावाला १२० कोटींची पर्स होती ते सगळ्यांना माहितीय, पण तिथे मागच्या वर्षी सोडलेल्या खेळाडूची उचल ह्या वर्षीच्या पर्समधून कापत नाहीत. एनएफएलमधे कापतात. मालक कितीही श्रीमंत असला तरी त्या आकड्याच्या वर जाता येत नाही, फार तर आजचा पगार उचलीत बदलून ओझं पुढे ढकलता येतं, आणि पुढे ढकललेलं कधीतरी दारात येतंच.

रसेल विल्सनचं बघा. मार्च २०२२ ला डेन्व्हर ब्रॉन्कोजने त्याला सिअ‍ॅटलकडून घेतला, बदल्यात पहिल्या राउंडचे दोन, दुसऱ्याचे दोन, पाचव्याचा एक पिक आणि वर तीन खेळाडू दिले. तो डेन्व्हरसाठी एक मॅच खेळायच्या आधीच २४ कोटींच्या वरचा नवा करार करून टाकला. जमलं नाही. मार्च २०२४ ला सोडला तेव्हा डेन्व्हरच्या वहीत साडेआठ कोटी डॉलर बुडीत पडले, तोवरचा सगळ्यात मोठा आकडा, ५ कोटी ३० लाख त्या वर्षी आणि ३ कोटी २० लाख पुढच्या वर्षी. त्या वर्षीचा कॅप होता साडेपंचवीस कोटी, म्हणजे पाचवा हिस्सा अशा माणसासाठी गेला जो टीममधे नाही. विल्सन पिट्सबर्गला गेला, त्यांनी त्याला १२ लाख दिले, बाकीचा पगार डेन्व्हरनेच भरला! तरी त्या टीमने बो निक्स ह्या नवख्या पोराला घेऊन १० मॅच जिंकल्या आणि प्लेऑफ गाठली, कारण ड्राफ्टमधून आलेल्या पोराचा पगार ठरलेला आणि कमी असतो. पिकला एवढी किंमत का असते ते इथे कळतं.

उलटंही होतं. विल्सनला घेतला त्याच मार्च २०२२ मधे कॅन्सस सिटीने टायरीक हिल मायामीला दिला, पाच पिक घेतले. हिल गेला तेव्हा मला खरंच वाईट वाटलेलं, त्याच्यासारखा पळणारा परत मिळणार नाही असं वाटलं, पण त्यातलेच दोन पिक वापरून त्यांनी ड्राफ्टमधे वर सरकून ट्रेंट मकडफी घेतला आणि पुढचे दोन्ही सुपर बोल, म्हणजे सीझनच्या फायनल, जिंकले. आणि न्यूयॉर्क जायंट्सने सॅक्वॉन बार्क्लीला जाऊ दिलं, पळणाऱ्यावर एवढा पैसा नको म्हणून, तर फिलाडेल्फियाने ३ वर्षांचे ३ कोटी ७७ लाख दिले आणि तो पहिल्याच सीझनला २००५ यार्ड पळाला. त्या सीझनचा सुपर बोल आपल्याकडे सोमवारी पहाटे ५ ला होता, १० फेब्रुवारी २०२५. बर्फ भरायला गाडी यायची होती, मी वाळूत डिझेलच्या कॅनवर बसून बघितला, अंगठ्याला खवलं चिकटलेली, स्क्रीन नीट चालेना. ४०-२२ ने फिलाडेल्फिया जिंकलं. अमेरिकेत अजून ९ तारीख होती, बार्क्लीचा वाढदिवस.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. कराराच्या ज्या वर्षांना हमी नाही ती वर्षं टीम एका फोनवर पुसून टाकते. गुडघा गेला, वय झालं, स्वस्तातला पोरगा मिळाला, संपलं. खेळाडूला मात्र मधेच उठून दुसरीकडे जाता येत नाही, आणि बहुतेकांना ट्रेड करताना, म्हणजे दुसऱ्या टीमला देताना, विचारतही नाहीत, बायकापोरं घेऊन निघायचं. म्हणजे खेळाडूच्या हातात खरं काय, तर उचल आणि हमी. तुम्ही १८ कोटी ८० लाख छापता तेव्हा वाचणारा म्हणतो एवढे पैसे मिळतात तरी ह्यांना आणखी पाहिजेत, कसली ही हाव. पार्सन्सने ट्रेड मागितला तेव्हा आमच्या बंदरावरच दोघं असं बोलले. मला त्यांना वही दाखवावी लागली. माझ्याकडे खलाशी उचल मागतो तेव्हा तो हाव करत नाही, सहा महिन्यांनी मी त्याला ठेवीन की नाही हे त्याला माहीत नसतं म्हणून मागतो.

कॅप वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. ग्रीन बे हे लाखभर वस्तीचं गाव, तिथली टीम कुणा शेठची नाही, लोकांच्या शेअरवर चालते आणि त्या शेअरवर एक पैसाही लाभांश मिळत नाही. टीव्हीचे पैसे ३२ टीमना सारखे वाटले जातात आणि वरून कॅप आहे, म्हणून ते गाव डॅलससारख्याच्या समोर उभं राहतं आणि पार्सन्सही घेतं. हे मला फार आवडतं. कॅप असू दे, पण हमी पूर्ण कराराची पाहिजे असं माझं मत आहे.

तुमच्याकडून एवढंच हवंय की मार्चमधे अशी बातमी आली तर कराराच्या आकड्याशेजारी हमी किती आणि जुन्या टीमच्या वहीत बुडीत किती हे दोन आकडे द्या, दोन ओळींचं काम आहे, आणि "विकला" हा शब्द काढा.

आपला,
एक वाचक, हर्णै, ता. दापोली