गोळ्यांची डबी फेकू नका

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. जेवणखाण, झोप, कामाच्या वेळा सगळं जसंच्या तसं, त्यामुळे त्यात पान घालवत नाही. आई, मधुमेहामुळे बाबा चहात साखरेऐवजी गोडीच्या गोळ्या टाकतात, त्यांचं तू परवा फोनवर विचारलंस आणि मी 'काही होत नाही गं' म्हणून उडवून लावलं. ते तुला लागलं, हे फोन ठेवताना कळलं. म्हणून आता नीट लिहिते. वाचून झालं की बाबांच्या हातात दे.

आधी कॅन्सरचं. 'या गोळ्यांनी कॅन्सर होतो' ही जी बातमी वाचून तू डबी कपाटात लपवलीस ती खोटी नाही, अर्धी आहे. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ॲस्पार्टेम, म्हणजे या गोळ्यांतलं गोड द्रव्य, '२ब' गटात घातलं. अर्थ एवढाच, की संबंध असू शकेल पण पुरावा तोकडा आहे. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात बसलाय. संशय कितपत पक्का आहे ते या गटावरून कळतं. किती खाल्लं तर किती धोका, ते त्यातून कळत नाही. तो हिशेब दुसरी समिती करते, आणि तिनं त्याच वेळी जुनी मर्यादा कायम ठेवली: वजनाच्या दर किलोला दिवसाला ४० मिलिग्रॅम. बाबा ६० किलो धरले तर २४०० मिलिग्रॅम झाले. ॲस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड, म्हणजे ४ ग्रॅमच्या चमचाभर साखरेची गोडी २० मिलिग्रॅममध्ये येते. भागाकार बाबांनी करावा. मला १२० गोळ्या मिळाल्या. बाबा दिवसाला चार घेतात.

सॅकरिन या जुन्या गोडीनं कॅन्सर होतो असं जे आजी सांगायची, ते उंदरांचं. नर उंदरांच्या लघवीत त्यामुळे बारीक खडे धरायचे, मूत्राशयाला इजा व्हायची आणि त्यातून गाठी. माणसाच्या लघवीत तसं घडत नाही, म्हणून १९९९ मध्ये सॅकरिन संशयितांच्या यादीतून खाली उतरवलं गेलं. ॲस्पार्टेम खरोखर वर्ज्य आहे ते फेनिलकीटोन्युरिया असलेल्यांना. हा जन्मजात आजार आहे, डबीवर त्याची सूचना छापलेली असते. आपल्या घरात तो कुणाला नाही.

आता इथली एक गंमत, कारण त्यावरून मुद्दा कळेल. इथे कॉफीबरोबर गोडीच्या कागदी पुड्या ठेवतात आणि कुणी नावानं मागत नाही, रंगानं मागतात. गुलाबी म्हणजे सॅकरिन, निळी ॲस्पार्टेम, पिवळी सुक्रालोज, हिरवी स्टीव्हिया. 'पिवळी दे' एवढंच. पुडी कोपऱ्यात धरायची, चार-पाच वेळा फटफट झटकायची, मग फाडायची. पावडर खाली बसावी म्हणून. आत जेमतेम १ ग्रॅम असतं. त्यातला सुक्रालोज किती? सुमारे १२ मिलिग्रॅम, डोळ्याला दिसणारही नाही इतका. म्हणजे इतक्या इमानानं खाली बसवतात ती बाकीची भर, डेक्स्ट्रोज आणि माल्टोडेक्स्ट्रिन. दोन्ही पिष्टापासून बनवलेले, साखरेपेक्षाही झटकन रक्तात जाणारे. एका पुडीत ते ग्रॅमभरच, म्हणून लेबलवर शून्य कॅलरी छापून भागतं, आणि खरंच एका पुडीनं काही बिघडत नाही. दहा पुड्यांत मात्र दोन-अडीच चमचे पिष्ट पोटात जातं.

हे एवढं लांबवलं ते दादानं आणलेल्या मोठ्या बरणीसाठी. 'साखरेऐवजी तेवढ्याच मापानं वापरा' असं लिहिलेली पावडर बहुतेक याच भरीची असते. कपभर पावडर साधारण २५ ग्रॅम भरते आणि १०० कॅलरींच्या आसपास देते. कपभर साखर २०० ग्रॅम, पावणेआठशे कॅलरींची. फरक मोठा आहे, पण पावडरीच्या कॅलरी शून्य नाहीत. बरणीच्या मागे बारीक अक्षरात घटक असतात. पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन असेल, तर बाबांच्या पिष्टाच्या हिशेबात ती धरायची. गोळीत भर फारच कमी, म्हणून मी गोळीच्या बाजूची.

गोळी चहा उकळताना टाकू नकोस. ॲस्पार्टेम उष्णतेनं तुटतं, गोडी जाते, मग 'अजून एक टाक' सुरू होतं. कपात ओतल्यावर टाकायची. सुक्रालोज चहाच्या उकळीला टिकतं, पण भट्टीत भाजायच्या पदार्थात तेही नको. शिवाय तिथे साखर नुसती गोडीला नसते. ती पाणी धरून ठेवते, रंग आणते, फुगायला जागा करते. गोळीनं तो पदार्थ कोरडा, फिकट आणि बुटका होतो. त्यापेक्षा साखर निम्मी करून लहान तुकडा खाल्लेला बरा.

मध, गूळ, तपकिरी साखर याबद्दल काकूंशी वाद घालू नकोस, पण रक्ताला तो फरक फारसा कळत नाही.

'शुगर फ्री' लिहिलेल्या गोळ्या-चॉकलेटांचं मला जास्त भय वाटतं. त्यांत माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल ही वेगळ्या जातीची गोड द्रव्यं असतात. माल्टिटॉलच्या कॅलरी साखरेच्या निम्म्याहून थोड्या जास्त, आणि शुगरही काही प्रमाणात वाढते. उरलेलं मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं: पोट फुगतं, आणि २०-३० ग्रॅम पोटात गेले की कित्येकांना जुलाब होतात. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीनंही पोट बिघडतं, त्यामुळे नाव त्या बिचाऱ्या गोळीचं होतं आणि ती परस्पर बंद केली जाते. बाबा, तुम्ही तेच केलंत, असा माझा संशय आहे. डॉक्टरांशी बोला. त्याच जातीच्या एरिथ्रिटॉलनं पोट सहसा इतकं बिघडत नाही, पण २०२३ च्या एका अभ्यासात ज्यांच्या रक्तात ते जास्त, त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघात जास्त दिसले. शरीर स्वतःही ते थोडं बनवतं, तेव्हा दोष खाण्याचाच असं सिद्ध झालेलं नाही. बाबांना स्टेंट आहे, म्हणून आपण लांब राहू. आणि झायलिटॉलचं च्युइंगगम मोत्याच्या तोंडाला लागेल असं ठेवू नका. माणसाच्या दातांना ते चांगलं, कुत्र्याला विष.

आता हे तुझ्याकडून पाठ करून घ्यायचं आहे, आई. बाबा ग्लिमेपिराइड हे मधुमेहाचं औषध घेतात, त्यानं शुगर उतरू शकते. घाम, थरथर, चिडचिड, बोलण्यात घोटाळा दिसला की आधी मीटर. ७० च्या खाली असेल, किंवा मीटर हाताशी नसेल, तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे, अर्धा पेला पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. अजून खालीच असेल तर तेवढंच परत. सावरले की काहीतरी खायला दे, नाहीतर पुन्हा उतरते. गोडीची गोळी किंवा डाएट पेय इथे काडीच्या उपयोगाचं नाही. जीभ फसते, रक्त नाही. चॉकलेटही नको, त्यातल्या चरबीनं उशीर लागतो. आणि व्होग्लिबोज हे दुसरं औषध नव्यानं सुरू झालंय ना? ते पोटात साखरेचे तुकडे झटकन होऊ देत नाही, म्हणून साधी साखरही वेळेवर चढत नाही. ग्लुकोजच हवं. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना.

राहिलं वजनाचं. 'तूसुद्धा ते काळं डाएट पाणी पितेस' असं तू म्हणालीस. पिते, कधीमधी. साध्या ३३० मिलीच्या कॅनमध्ये ३५ ग्रॅमच्या घरात साखर असते. त्याऐवजी हे बरं, पाण्याऐवजी बरं असा माझा दावा नाही. आम्लानं दात झिजतात, तेही मला माहीत आहे. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंच सांगितलं की वजन उतरवायला ही गोडी वापरू नका, लांबच्या पल्ल्यात चरबी घटत नाही. तो सल्ला आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नव्हता, हे बातमीत गळलं. वजन वाढलेलेच लोक आधी या गोळ्यांकडे वळतात, त्यामुळे दोष कुणाचा ते ठरवणंही कठीण. दुसरीकडे १२० निरोगी माणसांवरच्या एका प्रयोगात दोन आठवड्यांत सॅकरिन आणि सुक्रालोजनं ग्लुकोज पचवण्याची ताकद बिघडवली. काहींची जास्त, काहींची अजिबात नाही. बाबांचं काय, ते घरीच बघता येईल. एक आठवडा चहा गोळी घालून, एक आठवडा काहीच गोड न घालता, जेवण तेच, आणि रोज दोन तासांनंतरचा आकडा वहीत. मीटरच १५ टक्के इकडेतिकडे दाखवतं, तेव्हा १५० चे १६० झाले म्हणून फोन करू नका.

पैसे सोमवारी पाठवलेत. आधी मीटरच्या पट्ट्या आणि तीन महिन्यांची तपासणी, मग छपराचं काम. थोडे कमी आहेत, पुढच्या खेपेला भरून काढते. स्थळाचा फोटो पाहिला. नाही म्हटलेलं नाही, एकदा बोलू दे इतकंच. रजा अजून मंजूर नाही, म्हणजे यंदाही नाहीच असं धरून चाला. रागावू नका. बाबांच्या तपासणीला तरी मी असायला हवं होतं.

शर्टाच्या खिशात ग्लुकोजची पुडी आहे का, ते आजच बघून कळव.

तुमची,
मनू