वरच्या स्लॉटची खिटी

सातारा,
१८ मे २०२५

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारनंतर मी तुला एक ओळही लिहिली नाही, तुझे तीन फोन घेतले नाहीत आणि चौथा घेतला तेव्हा "ऑडिट चालू आहे" असे सांगून दोन मिनिटांत ठेवून दिला. ऑडिट मार्चअखेरीसच संपले होते. या गोष्टीची लाज मनात घेऊन लिहायला बसलो आहे. पण नुसती लाजच असती तर पत्र आणखी महिनाभर लांबले असते. परवा, शुक्रवारी रात्री, संगणकाचे कॅबिनेट उघडल्यावर मला जे दिसले ते तुझ्याखेरीज कोणाला सांगून उपयोग नाही. बंड्याला सांगून पाहिले. "बरं झालं," म्हणाला आणि त्याने चहा मागितला. त्याचाही दोष नाही. खिटी मोडली त्या रात्री तो खोलीवर नव्हता.

घरी सर्व ठीक. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत आणि माझी साखर आटोक्यात आहे.

जानेवारीत मी संगणकातले जुने ग्राफिक्स कार्ड, १०५० टीआय, काढून वापरलेले आरटीएक्स ३०६० घेतले, बारा जीबीचे, अठरा हजारांना. घेण्याआधी तू बजावले होतेस की कार्डाला हात लावू नकोस, आधी रॅमची दुसरी स्टिक घे. त्यावर मी तुला म्हणालो की जर्मनीत बसून साताऱ्यातल्या पेटीचे निदान करू नकोस. हे बोलणे मला नंतर फार लागले, कारण कार्ड बसवून आणले त्याच रात्री मला कळून चुकले होते की काहीतरी बिघडले आहे. युरो ट्रक सिम्युलेटर या आपल्या ट्रक चालवण्याच्या खेळात मोकळ्या रस्त्यावर सारे बरे चालायचे. शहराची वेस जवळ आली, की चित्र अडखळायचे, अर्धा क्षण गोठायचे आणि पुढे उडी मारायचे. जुन्या कार्डावर असे कधी झाले नव्हते. अठरा हजार घालून खेळ आधीपेक्षा वाईट चालतो आहे, हे मी तुला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

मग तो शनिवार आला. खेळात आपण दोघे कासेलहून ए-७ महामार्गाने वर निघालो होतो, तू पुढे, मी मागे. हॅनोव्हरमध्ये शिरताना तू सिग्नलला थांबलास आणि नेमके तेव्हाच माझे चित्र गोठले. परत हलले तेव्हा माझा ट्रक तुझ्या ट्रेलरमध्ये घुसलेला होता. तू हसत म्हणालास, "तरी सांगत होतो, रॅम घे." तुझ्या हसण्यात काहीही वाईट नव्हते, हे मला आज कळते. त्या वेळी मी हेडफोन काढून ठेवले आणि यंत्र बंद केले. चूक सर्वस्वी माझी होती. ज्या गावात तू खरोखर राहतोस, तिथे शनिवारी रात्री तुझ्या मागोमाग जाणे हे माझ्या आठवड्यातले सर्वांत सुखाचे दोन तास होते, आणि ते मी रागाच्या भरात घालवले.

त्यानंतरच्या तीन महिन्यांत मी काय काय केले, ते तुला सविस्तर सांगतो, कारण यातली प्रत्येक पायरी तू असतास तर अर्ध्या वेळात झाली असती.

प्रथम ड्रायव्हर. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या पुसणाऱ्या प्रोग्रॅमने जुन्या ड्रायव्हरचा मागमूस पुसला आणि नवा घातला, तोही दोनदा. फरक शून्य. विंडोजची पॉवर योजना बदलली, फरक शून्य. मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला लागली आहे का, असे मला तिघांनी विचारले. आपल्या रायझन ५ २६०० मध्ये अंगचे ग्राफिक्सच नाही, तिथे केबल लावली तर पडदा काळाच राहील, हे तिघांनाही समजावून सांगावे लागले. मग साफसफाई केली. ब्लोअर आणि पेंटिंगचा ब्रश घेऊन कॅबिनेटचा पुढचा पंखा स्वच्छ करत होतो, तेव्हा जाळीत झेंडूची एक वाळकी पाकळी सापडली. खंडेनवमीला आपण दरवर्षी कॅबिनेटला हार घालायचो, त्यातल्याच कोणत्या तरी वर्षाची असणार. बंड्या म्हणाला, "गेल्या दसऱ्याला पूजा राहिली, म्हणून रुसलंय ते." दोघेही खूप हसलो, आणि हसता हसता मला तुझी फार आठवण झाली. पाकळी मी फेकली नाही.

तापमान पाहिले तर कार्ड भर खेळात बावन्न अंशांवर होते. मी खूश झालो. ती खुशी चुकीची होती, हे कळायला मला आणखी तीन आठवडे लागले. मे महिन्यापर्यंत खोलीत ऊन वाढत गेले तरी कार्ड तापेना, कारण ते कामच करत नव्हते.

खरा धागा हाती लागला तो एका साध्या प्रयोगातून. खेळातले स्केलिंग खाली आणले, रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर उतरवले, आरशांची गुणवत्ता कमी केली. तुला माहीत आहेच, हे आरसे फार महाग असतात. प्रत्येक आरशासाठी मागचा रस्ता पुन्हा वेगळा रंगवावा लागतो. एवढे सगळे उतरवूनही फ्रेमचा, म्हणजे सेकंदाला निघणाऱ्या चित्रांचा, आकडा हलला नाही. कार्डावर भार असता, तर भार कमी होताच आकडा वर गेला असता. मग कार्डाचे काम मोजणाऱ्या आफ्टरबर्नरचा आलेख पडद्यावर लावला, तर कार्डाचा वापर चाळीस-पंचेचाळीस टक्के. म्हणजे कार्ड अर्ध्याहून अधिक वेळ हात बांधून बसलेले होते आणि त्याच्यापर्यंत माल पोहोचत नव्हता. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर तीस टक्के दिसायचा, म्हणून मी प्रोसेसरकडे पाहतही नव्हतो. पण बारा थ्रेडच्या, म्हणजे एका वेळी बारा कामे हाकणाऱ्या, प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो जेमतेम आठ टक्क्यांचा दिसतो. वेगवेगळे थ्रेड उघडून पाहिले, तेव्हा त्यातला एक जवळजवळ छताला टेकलेला होता.

त्याच आलेखाने सरासरीचा भ्रमही मोडला. सरासरी बावन्न फ्रेम दाखवायची आणि मी म्हणायचो की बावन्न काही वाईट नाहीत. साठ फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. माझ्याकडे पुष्कळ फ्रेम त्या वेळात निघत होत्या, पण शहराच्या वेशीवर मधूनच एखादी नव्वद मिलिसेकंद घ्यायची. सरासरीत ती विरघळून जाते. डोळ्याला मात्र तीच दिसते. ट्रेलरमध्ये मी घुसलो तो याच एका फ्रेमपायी.

मग मी मुकाट्याने तुझे ऐकले. आठ जीबीची जोडीची स्टिक मागवली, प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत दोन्ही बसवल्या, आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन रॅमला छापील वेगाने चालवणारे एक्सएमपी चालू केले. स्टिकवर ३००० छापलेले असताना इतकी वर्षे ती २४०० वर चालत होती, सुहास. रॅमच्या एका मार्गिकेच्या दोन झाल्या आणि वेगही वाढला. मोकळ्या रस्त्यावरचा खेळ लोण्यासारखा झाला. तुझे निदान बरोबर होते, आणि जर्मनीत बसून केलेले होते. त्या रात्री तुला फोन लावायला घेतला होता, पण हॅनोव्हरची वेस आली आणि चित्र पुन्हा अडखळले. पूर्वीपेक्षा कमी, पण अडखळले. म्हटले, अजून नाही.

शुक्रवारी कार्डाची माहिती दाखवणारे जीपीयू-झेड उघडले. त्यात बस इंटरफेसच्या ओळीपुढे एक प्रश्नचिन्ह असते. ते दाबून कार्डाला थोडे काम लावावे लागते, कारण रिकामे बसलेले कार्ड वीज वाचवायला दुव्याचा वेग आपोआप उतरवते आणि आकडा फसवा दिसतो. मी काम लावले. कार्ड सोळा मार्गिकांचे, म्हणजे मदरबोर्डकडून माल आणणाऱ्या सोळा वाटांचे, आणि चौथ्या पिढीच्या वेगाचे. चालत होते चार मार्गिकांवर, दुसऱ्या पिढीच्या वेगाने. मी तो आकडा चार वेळा वाचला. आपला बी४५० मदरबोर्ड आणि हा प्रोसेसर तिसऱ्या पिढीपर्यंतच जातात, ते धरूनही सेकंदाला सुमारे सोळा जीबीची वाट असायला हवी होती, आणि प्रत्यक्षात दोन जीबीची होती. शिवाय तीच वाट चिपसेटमधून जाणारी, म्हणजे हार्ड डिस्क आणि नेटवर्क यांच्याबरोबर वाटून घेतलेली. मोकळ्या रस्त्यावर कार्डाला लागणारे सारे त्याच्या स्वतःच्या मेमरीत असते, म्हणून तिथे काही जाणवत नाही. शहर आले की नव्या इमारती, भिंती-रस्त्यांचे नवे पोत, नव्या गाड्या एकदम आत ओढायच्या असतात, आणि नेमकी तिथेच गळचेपी.

कॅबिनेटची बाजू उघडली, टॉर्च लावली. कार्ड खालच्या स्लॉटमध्ये होते.

दिसायला दोन्ही स्लॉट सारखेच लांब आहेत. खालच्यात आत चारच मार्गिकांच्या तारा जोडलेल्या आहेत, हे बाहेरून कळायला काही मार्ग नाही. जानेवारीत बसवणाऱ्या मुलाने मला सांगितलेही होते, ते आत्ता आठवले: "साहेब, वरच्या स्लॉटचं लॉक तुटलंय, खाली बसवून दिलंय." मी मान डोलावली होती. साफसफाई करताना कार्ड जागचे काढायला नको म्हणून मी त्याच्या भोवतीनेच ब्रश फिरवत राहिलो. दहा वेळा डोळ्यांसमोर असलेली गोष्ट मी पाहिली नव्हती.

ती खिटी, सुहास. कर्वेनगरच्या खोलीवर २०१९ च्या पावसाळ्यात, लाइट गेलेले असताना मेणबत्तीच्या उजेडात तू १०५० टीआय काढायला गेलास, कुलरच्या आडोशाला बोट पोहोचेना, खिटी न दाबताच तू कार्ड ओढलेस आणि टक् असा आवाज झाला. मी तुला काय काय बोललो, ते आज लिहवत नाही. नवा मदरबोर्ड, माझा पहिला पगार. तू एकच सांगत राहिलास: "अरे, स्लॉटला काहीही झालेलं नाही, फक्त धरून ठेवणारी खिटी मोडली आहे, स्क्रूवर राहील कार्ड." मी आठ दिवस तुझ्याशी बोललो नाही. मेसमध्ये वेगळ्या टेबलावर बसलो. शेवटी मावशींनी दोघांची ताटे एका टेबलावर ठेवली, तेव्हा कुठे बोललो. कार्ड त्यानंतर साडेपाच वर्षे त्याच वरच्या स्लॉटमध्ये, नुसत्या स्क्रूंवर, कधीही तक्रार न करता चालले. तू म्हणाला होतास ते शब्दन् शब्द खरे होते, आणि मी ते कधी कबूल केले नाही.

ते परवा रात्री कबूल केले, रिकाम्या खोलीत, मोठ्याने. आज तुला लिहून देतो आहे.

कार्ड काढले, वरच्या स्लॉटमध्ये दाबून बसवले, मागच्या पट्टीचे दोन्ही स्क्रू घट्ट केले. हे कार्ड जुन्यापेक्षा जड आहे, खिटी नसल्यामुळे पुढचे टोक किंचित झुकत होते. आईच्या शिलाई मशीनच्या डब्यातले दोऱ्याचे एक रिकामे प्लॅस्टिकचे रीळ बरोबर उंचीचे निघाले. ते खाली उभे केले आहे. जीपीयू-झेडमध्ये पुन्हा काम लावले: सोळा मार्गिका, तिसरी पिढी. मग कासेलहून ए-७ ने निघालो, एकटाच. आरसे पूर्ण गुणवत्तेवर, स्केलिंग २०० टक्क्यांवर. कार्डाचा वापर नव्वदीच्या पुढे, तापमान अडुसष्ट, पंख्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला. हॅनोव्हरची वेस आली आणि गेली. तू जिथे थांबला होतास त्या सिग्नलला मी थांबलो. आलेखाची रेघ सरळ होती. सिग्नल हिरवा होऊनही मी काही वेळ तिथेच उभा राहिलो.

तुझे काहीच विचारले नाही. नव्या नोकरीचा जम बसला का? चिमणीचे बारसे झाल्याचे नानांकडून कळले, नाव फार गोड ठेवले आहे. कानात कुर्र होताना मी तिथे नव्हतो, हे मनाला लागले आहे. वहिनींना नमस्कार सांग आणि माझ्यावर रागावल्या असतील तर ते रास्त आहे, असेही सांग. डिसेंबरात येणार असाल तर आधी कळव, साताऱ्यात निदान चार दिवस राहायला हवे.

येत्या शनिवारी, २४ तारखेला, रात्री साडेनऊ वाजता मी कासेलच्या डेपोत उभा असेन. तुमची घड्याळे आता उन्हाळ्याची झाली असल्याने तुझ्याकडे संध्याकाळचे सहा वाजलेले असतील. चिमणी जागी असेल तर सात म्हण, आठ म्हण, मी थांबेन. पुढे तूच राहा, मी मागून येतो.

तुझाच,
विनायक

ता. क. मोडलेल्या खिटीचा तुकडा मी त्या वेळी रागाने जपून ठेवला होता, तुला दाखवायला. तो अजून ड्रॉवरमध्ये होता. आता झेंडूच्या पाकळीबरोबर एकाच डबीत ठेवला आहे.