दत्ताला पत्र: बालीतलं पाटाचं पाणी

भांडुप, मुंबई
९ जून

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाली कशी काय वाटली?" आणि मी "छान" म्हणून विषय मिटवला. लोकलमध्ये होतो, घाटकोपरची गर्दी आत शिरत होती, बोलणं शक्यच नव्हतं. पण फोन ठेवल्यापासून चुटपुट लागून राहिली आहे. बाकी कोणाला "छान" चालेल, तुला नाही. कारण तिथं त्या पाच दिवसांत मला सारखी तुझ्या आजोबांची आठवण येत होती. खांद्यावर फावडं, हातात कंदील आणि पाटाच्या कडेकडेनं चालत येणारे आजोबा. त्यामुळे आज सकाळी पाणी भरून झाल्यावर निवांत लिहायला बसलोय.

पहिला दिवस वायाच गेला म्हण. इथूनच एका एजन्सीकडे तीन दिवसांच्या सहली बुक केल्या होत्या. पहिल्या दिवशीची: सकाळी आठ ते रात्री आठ, सहा ठिकाणं, जेवणासकट. त्या सहातली तीन दुकानं निघाली. चांदीचं, बाटिकचं आणि एक कॉफीचं. बातुबुलानला बारोंग नाच मात्र सुरेख झाला. तेगललांगला भाताच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात उतरायला वीस मिनिटं, त्यातली दहा झोपाळ्यावर फोटो काढणाऱ्यांच्या रांगेतून वाट काढण्यात गेली. किंतामनीला काचेआडून ज्वालामुखी पाहत बुफे जेवलो. रात्री हॉटेलवर हिनं पाय गरम पाण्यात सोडले आणि म्हणाली, "उद्यापासून आपलं आपण जाऊ." राहिलेल्या दोन दिवसांचे पैसे एजन्सीनं परत केले नाहीत. वाईट वाटलं, पण तो निर्णय घेतला म्हणूनच पुढची बाली दिसली.

आम्ही उतरलो होतो त्या घरमालकानं ओळखीचा एक ड्रायव्हर दिला. दहा तासांची गाडी, पेट्रोलसकट, आपले साधारण पावणेचार हजार रुपये. माणूस चाळिशीचा, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारा आणि स्वतः भातशेतकरी. पहाटे शेतावर जाऊन मग गाडी काढायचा. मी त्याला देवळांची यादी दाखवली. यादीवरून बोट फिरवत तो म्हणाला, ही सगळी देवळं पाण्याची आहेत, मग पाण्याच्या वाटेनंच जाऊ या. वरून खाली.

दत्ता, तू गेलास तर असाच जा. वरून खाली.

वर म्हणजे पुन्हा किंतामनी, पण आता बुफे नाही. बातूर हा १,७१७ मीटर उंचीचा जिवंत ज्वालामुखी आणि त्याच्या पायथ्याशी मोठ्या विवरात पसरलेलं सरोवर. या सरोवरातून एकही नदी बाहेर पडत नाही. पाणी जमिनीत मुरतं आणि खाली डोंगरउतारावर झऱ्यांतून वर येतं, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. म्हणून विवराच्या काठावर पुरा उलुन दानू बातूर हे देऊळ आहे, सरोवराच्या देवीचं, देवी दानूचं. आधी ते खाली पाण्याजवळ होतं. १९२६ च्या उद्रेकात गाव आणि देऊळ लाव्ह्याखाली गेलं, तेव्हा सगळं वर हलवलं. खालचे शेतकरी अजूनही आपल्या पिकातला वाटा या देवीला आणून देतात.

तिथून खाली ताम्पाकसिरिंगला, तीर्ता एम्पुलला. तीर्थच ते, नावातही आणि कामातही. देवळाचा संबंध इसवी सन ९६२ च्या शिलालेखाशी जोडतात. बाहेरच्या कुंडात ओळीनं दगडी तोट्या आहेत. लोक डावीकडून एकेका धारेखाली डोकं धरत पुढे सरकतात. दोन धारा मृतांच्या विधींसाठी राखलेल्या, त्या सोडून पुढे जायचं. हिनं केलं स्नान. पाणी इतकं गार की पहिल्या धारेखाली तिचा श्वासच अडकला, पण शेवटच्या धारेपर्यंत गेली.

मी मात्र रमलो आतल्या चौकात. तिथं मूळ झरा आहे. स्वच्छ उथळ पाणी, तळाशी काळी वाळू. आणि ती वाळू हलते रे! एका जागी फुगते, पसरते, विरते, मग हातभर बाजूला पुन्हा फुगते. भाताच्या पातेल्यात आधण आल्यावर तांदूळ जसे खालून उसळतात, अगदी तसं, पण आवाज अजिबात नाही. मी कठड्यापाशी अर्धा तास तरी उभा होतो. आजपर्यंत इतकी देवळं पाहिली, कुठल्या मूर्तीसमोर माझं मन एवढं लागलं नव्हतं. इथल्या देवळांत आपल्यासारखी गाभाऱ्यातली मूर्ती बहुतेक नसतेच. उघडी अंगणं आणि दगडाचं रिकामं उंच आसन, पद्मासन म्हणतात त्याला. त्या रिकाम्या आसनाची आम्हाला दोन दिवसांत सवय झाली.

एक गोष्ट खटकली तीही लिहितो. मासिक पाळीत बायकांनी आत येऊ नये, अशी पाटी देवळाच्या दारात असते. ही ती वाचून थोडा वेळ गप्प झाली. तिनं लहानपणी घरात "बाहेर बसणं" पाहिलंय. जिथं पाण्याला आई मानतात तिथं ही पाटी असावी, हे मला पटलं नाही.

झऱ्याचं पाणी पाकेरिसान नदीला मिळतं. त्याच नदीवर थोडं खाली गुनुंग कावी. बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात, वहिनींच्या गुडघ्यांचा आधी विचार कर. पण खाली पोचलास की समोर अकराव्या शतकातली दहा स्मारकं, प्रत्येक सुमारे सात मीटर उंच, अखंड कड्यात कोरलेली. काही नदीच्या या काठाला, काही त्या. मला आमची कान्हेरी आठवली. आपण कॉलेजात असताना पावसाळ्यात गेलो होतो, आठवतं? लेण्यांपेक्षा तू तिथल्या पाण्याच्या टाक्याच बघत बसला होतास. शिलालेखात त्यांना पोढी म्हणतात, हे तूच मला वाचून दाखवलं होतंस. खडकातून पन्हळ काढून पाणी कसं टाकीत आणलंय ते बोटानं दाखवत होतास. इथंही तुला तेच दिसलं असतं: कोरीव कड्याला लागूनच भातखाचरं आणि त्यांच्यात खळखळणारे पाट.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

दुपारी ड्रायव्हर म्हणाला, माझं गाव इथून जवळ आहे, येता का? गाडी लावून बांधावरून दहा मिनिटं चाललो. एका ठिकाणी पाट आला होता आणि पाटात आडवा ओंडका टाकलेला. ओंडक्याला वरून तीन खाचा. दोन सारख्या, तिसरी जवळपास दुप्पट रुंद. खाचांच्या कडा पाण्यानं झिजून गुळगुळीत झालेल्या, शेवाळ धरलेल्या. पाणी तिन्ही खाचांतून सारख्याच पातळीनं पडत होतं, पण रुंदीप्रमाणे कमी-जास्त. याला ते तेंबुकू म्हणतात. कुलूप नाही, चावी नाही, झडप नाही. ज्याची जमीन जास्त त्याची खाच रुंद. पाट भरून वाहो की उन्हाळ्यात करंगळीएवढा होवो, वाटणी तीच. शेजारी दगडाचं छोटंसं देवघर, त्यावर त्या दिवशीची ताजी फुलं आणि नारळाच्या पानाची वाटी, जिला ते चनांग सारी म्हणतात.

मी तिथंच बांधावर बसलो. मला तुमचं गाव दिसायला लागलं. पांझरा नदीवरचा बंधारा, त्याच्या पाण्यावरचे शेतांचे फड, चाऱ्या, रात्रीची पाळी. आजोबा पाटकरी होते, पाटाचं पाणी वाटून देणारे. कोणाच्या शेतात किती वेळ पाणी, ते घड्याळ न बघता सांगायचे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, राखायला जागले, आणि बंधारा फुटला तर घरटी माणूस. दिवाळीच्या सुट्टीत मी आलो होतो तेव्हा त्यांनी मला चारीचं तोंड मातीनं बुजवायला लावलं होतं. माझ्या हातून दोनदा फुटलं, तिसऱ्यांदा त्यांनी न बोलता स्वतः बुजवलं.

बालीत या पाणीवाटपाच्या संघटनेला सुबाक म्हणतात. नवव्या शतकापासूनची पद्धत. युनेस्कोनं २०१२ मध्ये हा सगळा मुलूख जागतिक वारशात घेतला, देवळं, झरे, पाट आणि शेतं एकत्र धरून, सुमारे १९,५०० हेक्टर. एका पाण्यावरचे पन्नास ते चारशे शेतकरी मिळून एक सुबाक, आणि बेटावर असे जवळपास बाराशे. सुबाकचा एक प्रमुख असतो, आणि पेरणी कधी, शेत पडीक कधी ठेवायचं, हे सगळ्यांनी देवळात बसून ठरवायचं.

आणि पडीक ठेवण्याचीच तर गंमत आहे. १९७० च्या दशकात सरकारनं भाताची नवी, जास्त उत्पन्नाची वाणं आणली आणि सांगितलं, देवळातल्या पाळ्या सोडा, लागोपाठ पिकं घ्या. झालं काय, कुठल्या ना कुठल्या शेतात कायम उभं पीक. तुडतुड्यांना बाराही महिने खायला. कीड अशी माजली की पिकं हातची गेली. पुढं स्टीफन लान्सिंग नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं संगणकावर मांडून दाखवलं की देवळांचं जुनं वेळापत्रकच बरोबर होतं. शेजारच्या सगळ्या शेतांची कापणी एकदम झाली आणि मग ती एकदम पाण्याखाली राहिली, की किडीला जायला जागा उरत नाही. म्हणून वरच्या अंगाचा शेतकरी खालच्याला पाणी सोडतो. खालच्याला पाणी नाही मिळालं तर त्याची लावणी मागे पडणार, आणि त्याच्या शेतातली कीड उलटी वरच्याकडे येणार.

दत्ता, मी पाण्याच्या खात्यात तीस वर्षं कारकुनी केली. माझ्या टेबलावरच्या निम्म्या तक्रारी याच असायच्या: लाइनीच्या टोकाच्या बिल्डिंगीला प्रेशर नाही, कारण मधल्यांनी मोटारी लावल्यात. वरच्याला खालच्याची गरज पडावी, अशी काही सोय आपल्या नळात नाही. त्या बांधावर बसून मला ते पहिल्यांदा इतकं स्वच्छ समजलं.

बाकीचं थोडक्यात. दुसरा एक दिवस जातीलुविहला दे, भाताच्या पायऱ्या तेगललांगपेक्षा कितीतरी मोठ्या आणि शांत, चालायला वाटा आहेत. बेरातान सरोवरातलं उलुन दानूचं अकरा छपरांचं देऊळ सकाळी लवकर बघ, दहानंतर धुकं आणि बसगाड्या एकदमच येतात. ताना लोट हे खडकावरचं समुद्रातलं देऊळ, ओहोटीला वाट उघडी पडते, आपल्या हाजी अलीसारखी. उलुवातूला कड्यावर सूर्यास्ताला केचाक नाच बघ. वाद्य एकही नाही, नुसत्या पुरुषांच्या तोंडचं "चाक चाक", आणि त्यातून रामायण. हनुमान आगीतून उडी मारतो तेव्हा अंगावर काटा येतो. लेंपुयांगला स्वर्गाच्या दाराचा फोटो मिळतो, पण फोटोत दिसणारं पाणी म्हणजे कॅमेऱ्याखाली धरलेला आरसा आहे. त्यासाठी काही तास रांगेत उभं राहू नकोस. देऊळ मात्र खरं आहे, वर चढून जा. बांग्लीजवळचं पेंगलिपुरान हे गाव वहिनींना आवडेल. दगडी रस्ता, गाडी आत येत नाही, सगळ्या घरांची दारं एकसारखी.

आईंना सांग, तिथंही शक चालतो, आपलाच. २०२३ मध्ये दोन्हीकडे १९४५ लागला, आणि त्या वर्षी त्यांचा न्येपी, म्हणजे नववर्षाचा दिवस, आणि आपला पाडवा एकाच दिवशी आले, २२ मार्चला. न्येपीला अख्खं बेट चोवीस तास गप्प असतं, दिवे नाहीत, गाड्या नाहीत, विमानतळसुद्धा बंद. तिकीट काढताना तेवढी तारीख बघून घे.

वहिनी शाकाहारी, म्हणून एक लक्षात ठेव. मिरचीची चटणी, साम्बल, दिसायला निरुपद्रवी असते, पण तिच्यात बहुतेक ठिकाणी सुक्या कोलंबीची पेस्ट असते, तेरासी. आधी विचारायचं. तेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), गाडो-गाडो (शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या) आणि भात यावर हिचं मजेत भागलं. देवळात नेसायला लुंगी आणि कमरेला पट्टा लागतो, दारात भाड्यानं मिळतात.

फोटो व्हॉट्सॲपवर टाकत नाही, तू ते बघून पुढे सारशील. प्रिंट काढून सोबत पाठवतोय. तेंबुकूचे तीन आहेत. खाचा मी वितीनं मोजल्या, मापं मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिली आहेत.

पाऊस झाला आणि पांझरेला पाणी आलं की ऑक्टोबरात मी चार दिवस येतो. आजोबांचा बंधारा किती उरलाय तो आपण जाऊन बघू. तुमच्या आळीत जुन्या पाळ्या आठवणारं कोणी असेल तर त्यांना तोवर भेटून ठेव. वही मी आणतो.

आईंना माझा नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद. ही वहिनींना वेगळं लिहिणार आहे.

तुझा,
मधू