आठवड्याचे बारा तास: माझ्या एलएलएमच्या मार्गदर्शक मॅडमना पत्र

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

परवा निकाल लागला, एलएलएम पूर्ण झालं. तुम्हाला फोन केला तेव्हा गळा दाटून आला आणि दोन वाक्यांपुढे बोलताच आलं नाही. म्हणून हे पत्र. उघड लिहितेय, कारण नोकरी सांभाळून कायद्याचं पदव्युत्तर शिक्षण घ्यावं की नाही अशा विचारात असलेल्या कुणाच्या हाती हे पडलं, तर तुम्ही मला जे दिलंत ते त्यांच्याही कामी येईल.

आपलं पहिलं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं. आधी कुठला विषय घेऊ, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "विषयाचं नंतर बघू." आणि हिशोब मांडलात. ब्रिटिश पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे साधारण 10 तासांचं काम. 180 क्रेडिटचे झाले 1800 तास. 30 क्रेडिटचं एक मॉड्यूल 25 आठवड्यांत बसवायचं तर आठवड्याला 12 तास. "हे बारा तास कुठून येणार ते वार आणि वेळेसकट लिहून पाठवा. मगच नाव नोंदवा."

खरं सांगते, मला तेव्हा रागच आला. सोयीने शिकता येतं म्हणून मी आले होते आणि तुम्ही दारातच वेळापत्रक मागत होता. पण कागद घेऊन बसले. चार दिवस पहाटे सव्वापाच ते पावणेसात, म्हणजे सहा तास. शनिवारी दुपारी चार. उरलेले दोन काही केल्या सापडेनात. शेवटी घरच्यांसमोर कागद ठेवला, आणि रविवार संध्याकाळची सगळी कामं नवऱ्याने स्वतःकडे घेतली. अभ्यासक्रम लवचिक असतो म्हणजे मोकळा वेळ आपोआप मिळत नाही, तो कुणाच्या तरी वाट्यातून येतो. तो कुणाचा, हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी लिहायला लावलंत. त्यामुळे नंतर घरात त्यावरून एकदाही वाद झाला नाही.

मग पहिला निबंध. मी अकरा वर्षं कंपनीच्या करार विभागात काढलेली. लिहायचं ते आपल्या बाजूने आणि समोरच्याला फट न ठेवता, हीच सवय. निबंधही तसाच लिहिला आणि गुण जेमतेम पडले. तुमचा फोन आला. "या निबंधात तुमचा पक्षकार कोण?" मी म्हटलं, कुणीच नाही. "मग भांडताय कुणासाठी?" त्या आठवड्यात तुम्ही एकच प्रश्न मला तीनदा लिहायला लावलात: आधी निवाडा जिंकलेल्याचा वकील म्हणून, मग हरलेल्याचा, मग न्यायाधीश म्हणून. प्रत्येकी दोनशे शब्द. तिसरे दोनशे शब्द लिहायला मला दोन पहाटा लागल्या. वकिली केलेल्या प्रत्येकाने हे एकदा तरी करून बघावं असं मला मनापासून वाटतं.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती 'येईल' आणि 'लागेल'ची संध्याकाळ.

लवादाचं कलम, म्हणजे वाद झाला तर कोर्टाऐवजी दोघांनी मान्य केलेल्या लवादाने निवाडा द्यायचा हे सांगणारं कलम, आमच्याकडे कराराच्या अगदी शेवटी येतं. किमतीवर घासाघीस झालेली असते, सगळे दमलेले असतात आणि कुठल्या तरी जुन्या करारातून ते उचलून चिकटवलं जातं. धंद्यात त्याला मध्यरात्रीचं कलमच म्हणतात. मीही असंख्य वेळा चिकटवलं होतं. त्या कलमाखाली झालेला निवाडा परदेशात चालतो तो 1958च्या न्यूयॉर्क करार या आंतरराष्ट्रीय करारामुळे, आज 170हून अधिक देश त्यात आहेत, एवढं मला ठाऊक होतं. त्यातला पाचवा अनुच्छेद मी तुम्हाला इंग्रजीत वाचून दाखवला. अंमलबजावणी कधी नाकारायची याची कारणं त्यात आहेत. त्यातलं एक असं: निवाडा ज्या देशात झाला तिथल्या न्यायालयाने तो रद्द केलेला असणं.

तुम्ही म्हणालात, "आता मराठीत सांगा."

मी म्हटलं, "असं असेल तर अंमलबजावणी नाकारता येईल."

"'नाकारता येईल' की 'नाकारावी लागेल'?"

"नाकारता येईल."

"म्हणजे न नाकारताही येईल?"

मी गप्प झाले. मायदेशात रद्द झालेला निवाडा दुसऱ्या देशात जिवंत राहू शकतो, हे तोवर माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मग तुम्ही त्याच अनुच्छेदाच्या फ्रेंच भाषेतल्या पाठाचा अर्थ सांगितलात: अमुक गोष्ट सिद्ध झाल्याखेरीज अंमलबजावणी नाकारली जाणार नाही. सिद्ध झाल्यावर मोकळीक उरते की नाही, हे तिथे इंग्रजीइतकं उघड नाही. आणि सोळावा अनुच्छेद सांगतो की चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश हे पाचही पाठ सारखेच अधिकृत! एका क्रियापदावर कोट्यवधींचं भवितव्य अवलंबून, आणि मी ते कलम वर्षानुवर्षं न वाचता चिकटवत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. प्रबंधाचा विषय तिथेच ठरला.

पुढे कच्च्या मसुद्यात मी 1994चा फ्रान्समधला हिलमार्टन खटला आणि 1996चा अमेरिकेतला क्रोमॅलॉय खटला एकाच दावणीला बांधले. दोन्हींत मायदेशात रद्द झालेल्या निवाड्याची अंमलबजावणी झाली होती, आणि दोन्हींचं श्रेय मी त्या 'येईल'ला दिलं. तुम्ही समासात लिहिलंत, "पाचव्याच्या प्रेमात पडून सातवा विसरलात." बरोबर होतं. सातव्या अनुच्छेदाने पक्षकाराला स्थानिक कायद्यातली अधिक अनुकूल तरतूद वापरायची मुभा आहे. मायदेशात निवाडा रद्द होणं हे फ्रेंच कायद्यात नकाराचं कारणच नाही, त्यामुळे तिथल्या न्यायालयांना पाचव्यातली मोकळीक वापरायची गरजच पडत नाही. अख्खं प्रकरण पुन्हा लिहिलं. प्रबंधात आज जे बरं आहे ते त्या प्रकरणात आहे.

मधल्या वर्षाबद्दल थोडंच लिहिते. तिसरं मॉड्यूल चालू असताना बाबांना पक्षाघात झाला. मी नाव काढून घेण्याचा अर्ज लिहून तुम्हाला पाठवला. तुम्ही समजावलं नाहीत, धीराच्या गोष्टी सांगितल्या नाहीत, त्याबद्दल मी विशेष ऋणी आहे. तुम्ही नियमावलीचं पान पाठवलंत. 60 क्रेडिट झालेले आहेत, म्हणजे पदव्युत्तर प्रमाणपत्र तुमचंच आहे, ते कुणी काढून घेणार नाही. आणि अर्ज सोडण्याचा करू नका, खंड मागण्याचा करा, नमुना सोबत आहे. मी फक्त सही केली. वर्षभराने परतले तेव्हा त्याच मॉड्यूलच्या पहिल्या आठवड्यापासून सुरुवात केली. तुम्ही नवा कागद मागितलात, कारण बाबांच्या औषधांच्या वेळांनी पहाटा बदलल्या होत्या.

आता बाबा काठी घेऊन चालतात. निकाल त्यांनी स्वतः मोठ्याने वाचला.

गेल्या आठवड्यात आमच्या विभागातली एक मुलगी विचारत आली, एलएलएम करू का, जमेल का? मी तिला बारा तासांचा कागद मागितला. तिने नऊ आणलेत. उरलेले तीन आम्ही दोघी शोधतोय, पण तिने तुमच्याशी एकदा बोलावं असं मला फार वाटतं. तुमची हरकत नसेल तर तिला तुमचा नंबर देऊ का?

तुमची विद्यार्थिनी