जमालपूरचा जवान आणि सासूबाईंची वेणी

महोदय,

माझे सासरे गेल्या महिन्यात गेले. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनचे, जंगी पलटणीचे ते जवान. डिसेंबर १९७१ च्या पाकिस्तानविरुद्धच्या युद्धात ही पलटण तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसली होती. १० तारखेच्या रात्री शत्रूच्या तुकड्या पुन्हा पुन्हा चालून आल्या, पण वाट सुटली नाही. ११ तारखेला जमालपूर पडले. त्या रात्रीबद्दल मामंजी एवढेच म्हणायचे, "थंडी फार होती."

शोकसभेत सगळे जमालपूरवर बोलले. ते रास्तच होते. मला मात्र नंतरची वर्षे सांगायची आहेत. सासूबाईंची उजवी बाजू अर्धांगवायूने गेली, तेव्हा मामंजींनी बाई ठेवू दिली नाही. सकाळी तळहातावर खोबरेल चोळून ते त्यांची वेणी घालत. पेड सारखे बसले नाहीत तर सोडून पुन्हा पहिल्यापासून. रात्री गजर न लावता उठून त्यांची कूस बदलत. इतकी वर्षे अंथरुणात काढूनही सासूबाईंच्या पाठीला एक जखम झाली नाही. डॉक्टरांनाही नवल वाटे.

१९७१ ला लढलेले जवान आता सत्तरी-पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. ज्यांच्या घरी असे आजोबा आहेत, त्यांनी लढाईच्या आठवणींबरोबर त्यांच्या संसाराच्याही विचारून घ्याव्यात. आपल्या वृत्तपत्राने त्या छापाव्यात, ही विनंती.

– एका माजी सैनिकाची सून