बक्सटनहून, आई-बाबांना

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

करार दोन वर्षं वाढवल्याचं तुम्हाला ठाऊक आहेच. आता इथे गयानात घरही बदललंय. ॲनानडेलला आपल्या, म्हणजे भारतीय वंशाच्या माणसांत न राहता शेजारच्या बक्सटनला, आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या गावात घेतलंय. फोनवर आई लगेच रडेल, म्हणून सविस्तर लिहितो.

भाडं कमी आहे, आणि ज्या कालव्यांच्या दारांचं काम मी बघतो ती इथून जवळ आहेत. घर खांबांवर उंच आहे, पाऊस कितीही पडला तरी पाणी आत येत नाही. गॅस आहे, पंखे दोन आहेत. कारली, भेंडी, तूरडाळ सगळं मिळतं. आई, तुझा मसाला अजून अर्धा डबा शिल्लक आहे.

बाबा, गयानाचं १९६४ सालचं तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. विस्मार गावात भारतीयांची घरं जाळली, बायकांवर अत्याचार झाले. जुलैत आफ्रिकी उतारूंनी भरलेली सन चॅपमन लाँच स्फोटात बुडाली, चाळीसच्या वर माणसं गेली. बक्सटनचे भारतीय ॲनानडेलकडे पळाले, तिथले आफ्रिकी इकडे आले. माझ्या घरमालकीणबाई त्यांतल्याच. त्यांचं जन्मघर पलीकडच्या गावात आहे, त्यात आज एक भारतीय कुटुंब राहतं. त्या तिथल्याच बाजारातून भाजी आणतात, पण त्या गल्लीत जात नाहीत.

बाबा, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. १८३८ मध्ये गुलामी पुरती संपली. सुटलेल्यांपैकी १२८ जणांनी पैसे साठवून १८४० मध्ये हे गाव विकत घेतलं. मजुरीसाठी त्या लोकांनी १८४२ आणि १८४८ मध्ये संप केले. मळेवाल्यांनी मदेरा बेटावरून, हिंदुस्थानातून करारानं बांधलेले मजूर आणले आणि दुसरा संप मोडला. ब्याऐंशीच्या गिरणी संपात पोलीस बंदोबस्तात गेटातून आत गेलेल्यांची आठवण निघाली की तुमचा आवाज आजही चढतो. पण 'तेही उपाशीच होते रे' असं तुम्हीच म्हणायचात. मग इथल्या भांडणात मालकाचं नाव कुणीच का घेत नाही?

भारतीय वंशाचे पुढारी छेदी जगन आणि आफ्रिकी वंशाचे फोर्ब्स बर्नहॅम १९५३ मध्ये एकाच पक्षातून जिंकले होते. इंग्रजांनी १३३ दिवसांत सरकार घालवलं, १९५५ मध्ये पक्ष फुटला. तेव्हापासून मत बहुतेक वंश बघूनच पडतं. निवडणुकीच्या दिवसांत मी संध्याकाळी बाहेर पडणार नाही, हा शब्द.

आई, तू 'त्या लोकांचा भरवसा काय' म्हणालीस ते काळजीपोटी, मला कळतं. पण मला ताप आला तेव्हा बाईंनीच पेज करून वर आणून दिली. संपानंतर तू डबे करायचीस, तेव्हा कोण कुठला हे न विचारता वाढायचीस. मी तुझ्या पदराला धरून ताटं मोजायचो. तुझाच मुलगा आहे मी.

आता ऐका. बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर वगैरे काही नाही, याच महिन्यात. पैसे पाठवलेत. बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही. आईने हंडा उचलायचा नाही, शेजारच्या पोराला सांगा. गयानाचे ते व्हॉट्सॲपवरचे व्हिडिओ पुढे पाठवू नका, आधी मला विचारा.

रविवारी तुमच्या संध्याकाळी साडेसहाला फोन करतो, तेव्हा इथे सकाळचे नऊ असतात. बाईंना तुम्हाला नमस्कार करायचाय. आई, दोन शब्द बोल त्यांच्याशी, मराठीत बोललीस तरी चालेल.

तुमचा,
बाळू