व्हर्च्युअल बॉयचा दोष लाल रंगाचा नव्हता

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

फसलेल्या व्हिडिओ गेम कन्सोलांविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख मी आस्थेने वाचला. त्यात जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या 'व्हर्च्युअल बॉय'ची, म्हणजे आत डोळे घालून त्रिमितीय खेळ पाहण्याच्या यंत्राची, 'लाल पडद्यामुळे डोकेदुखी देणारा हेडसेट' एवढ्या शब्दांत बोळवण केली आहे. डोळ्यांवर ताण येतो आणि डोके दुखते, अशा तक्रारी त्या काळी झाल्या होत्या हे खरेच आहे. परंतु सगळा दोष लाल रंगावर ढकलला, तर हे यंत्र नेमके कुठे चुकले ते वाचकाला कळत नाही, म्हणून हे पत्र.

व्हर्च्युअल बॉय जुलै १९९५ मध्ये जपानमध्ये १५,००० येनला आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेत सुमारे १८० डॉलरला विक्रीस आला. जपानमध्ये त्याच वर्षअखेर तो गुंडाळला गेला आणि अमेरिकेतही १९९६ मध्ये त्याचा शेवट झाला. जगभरात जेमतेम पावणेआठ लाख यंत्रे खपली आणि दोन्ही देशांत मिळून त्यासाठी केवळ २२ खेळ निघाले. 'गेम बॉय' हा हातातला कन्सोल घडवणाऱ्या कंपनीच्या दृष्टीने हा आकडा लाजिरवाणा होता, याबद्दल वाद नाही.

आता लाल रंगाविषयी. या यंत्रात नेहमीच्या अर्थाने पडदाच नव्हता. प्रत्येक डोळ्यासमोर २२४ लाल एलईडींची, म्हणजे चिमुकल्या दिव्यांची, एकच उभी ओळ होती आणि तिच्यासमोर सेकंदाला ५० वेळा झुलणारा एक छोटा आरसा होता. आरसा झुलताना ती ओळ ३८४ वेगवेगळ्या जागी दिसे आणि आपली दृष्टी त्या सगळ्या जागा जोडून एक सलग चित्र पाहत असे. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे मिळाली की खोलीचा, म्हणजे जवळ-दूर असण्याचा, भास तयार होई. हे तंत्र अमेरिकेतील रिफ्लेक्शन टेक्नॉलॉजी या छोट्या कंपनीचे होते. लाल एलईडी स्वस्त होते आणि वीज कमी खात होते. रंगीत चित्रासाठी लागणारा पुरेसा तेजस्वी निळा एलईडी १९९३ मध्ये नुकताच प्रत्यक्षात आला होता आणि तो महाग होता. सहा पेन्सिल सेलवर चालणाऱ्या यंत्रात रंगीत चित्र द्यायचे म्हटले असते, तर किंमत सामान्य ग्राहकाच्या हाताबाहेर गेली असती.

शिवाय या निवडीचा एक मोठा लाभ होता, जो लेखात कुठेच आला नाही. त्या काळच्या एलसीडी पडद्यावर काळा रंग म्हणजे मळकट करडा असे, तर इथे विझलेल्या ठिपक्याच्या जागी निव्वळ अंधार राहतो. मी या यंत्रात डोळे घालून पाहिले आहे. त्या अंधारात तरंगणाऱ्या लाल आकृतींना जी खोली दिसते, ती खरोखर थक्क करणारी आहे. ही करामत दिखाऊ नव्हती, तिने दिलेले वचन पाळले होते, आणि म्हणूनच तिच्या अपयशाची मला हळहळ वाटते.

चूक होती ती खेळांत. खोली हे या यंत्राचे एकमेव भांडवल असताना बहुतेक खेळांत तिला कामच दिले गेले नाही. अमेरिकेत यंत्रासोबत मिळणाऱ्या 'मारिओज टेनिस'मध्ये चेंडू जवळ येताना दिसतो हे छान आहे, पण एक डोळा मिटूनही तो खेळ बऱ्यापैकी खेळता येतो. 'रेड अलार्म' हा अंतराळातील लढाईचा खेळ नुसत्या रेषांच्या सांगाड्यांनी काढलेला असल्याने पुढची रेषा कोणती आणि मागची कोणती, याचाच घोळ होतो. म्हणजे जिथे खोलीने मदत करायला हवी होती, तिथे चित्राने तिच्यावरच मात केली. याला ठळक अपवाद दोन. 'मारिओ क्लॅश'मध्ये पलीकडच्या कठड्यावरील शत्रूवर नेम धरून कवच फेकावे लागते. दुसरा 'वारिओ लँड', ज्यात वारिओ पुढच्या थरातून मागच्या थरात उडी घेतो, लपलेल्या वाटा मागे सापडतात आणि खोली हा खेळाच्या रचनेचाच भाग होतो. परंतु 'वारिओ लँड' दुकानांत पोहोचला तो वर्ष सरता सरता, आणि तोवर ग्राहक पाठ फिरवून गेले होते.

दुसरी अडचण या क्लृप्तीच्या स्वभावातच होती. गेम बॉय खेळणाऱ्या मुलाच्या खांद्यावरून त्याचा मित्र डोकावू शकत होता, आणि त्या डोकावण्यातून पुढचा ग्राहक तयार होत होता. व्हर्च्युअल बॉयमध्ये काय दिसते, हे त्यात डोळे घातल्याखेरीज कोणालाही कळू शकत नव्हते, आणि दूरचित्रवाणीवरील जाहिरातीत तर ती खोली दाखवणे अशक्यच होते. दोघांना एकत्र खेळता यावे म्हणून दोन यंत्रे जोडण्यासाठी जागा ठेवलेली होती, पण तिची केबल कधी विक्रीस आलीच नाही. खेळणारा सर्वार्थाने एकटा पडला.

यंत्राचे जनक गुनपेई योकोई यांच्याविषयीही लिहिले पाहिजे. नव्या, महागड्या तंत्रामागे धावण्यापेक्षा मुरलेले, स्वस्त तंत्र अनपेक्षित जागी वापरावे, असा त्यांचा विचार होता. 'गेम अँड वॉच' ही खिशातली खेळयंत्रे आणि १९८९ चा गेम बॉय त्यातूनच आले. लाल एलईडी आणि झुलता आरसा हीदेखील त्याच विचाराची फळे होत, तेव्हा योकोई आपली वाट विसरले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण गेम बॉयचा फिका, हिरवट पडदा हा केवळ खेळापर्यंत पोहोचण्याचा मार्ग होता. व्हर्च्युअल बॉयमध्ये तंत्रच मुख्य पाहुणा झाले आणि खेळ त्याच्यामागून, घाईघाईने आले. १९९६ मध्ये योकोई निन्टेंडोतून बाहेर पडले आणि १९९७ मध्ये रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. तीस वर्षांच्या त्यांच्या कामगिरीचा हिशेब या एका यंत्राने मांडला जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

माझ्या म्हणण्याला पुरावा निन्टेंडोनेच पुढे दिला. २०११ चा '३डीएस' हाही खोली दाखवणारा कन्सोल होता, तोही चष्म्याविना, आणि त्याच्या कडेला खोली कमी-जास्त किंवा पूर्ण बंद करण्याची सरकपट्टी होती. २०१३ मध्ये तर खोलीच काढून टाकलेला '२डीएस' आला आणि त्यावर तेच खेळ चालू लागले. खोली बंद केल्यावरही ३डीएस हा एक चांगला हातातला कन्सोल उरत होता. व्हर्च्युअल बॉयमधून खोली वजा केली, तर टेबलावर मान वाकवून पाहायची एक एकरंगी पेटी तेवढी उरत होती, आणि तिचा रंग हिरवा किंवा निळा असता तरी यात काही फरक पडला नसता.

शेवटी एक दुरुस्ती. लेखात त्याला 'हेडसेट' म्हटले आहे. डोक्यावर चढवायचा विचार आरंभी होता, पण सुरक्षिततेच्या शंकांमुळे तो सोडून यंत्र दोन पायांच्या स्टँडवर टेबलावर ठेवण्यात आले, आणि सात वर्षांखालील मुलांनी ते वापरू नये अशी सूचनाही सोबत देण्यात आली. मान अवघडण्याच्या तक्रारी बऱ्याच अंशी त्या स्टँडमुळे होत्या. ही दुरुस्ती, आणि जागा असल्यास 'वारिओ लँड'चा उल्लेख, आपण पुढील अंकात छापावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक